पळसदेवहून आणलेलं लाल पिल्लू

जुना ट्रॅक्टर बघायला जायचं तर सकाळी लवकर जावं आणि न कळवता जावं. कळवून गेलात की विकणारा पहाटेच इंजिन तापवून ठेवतो, आणि तापलेलं इंजिन सगळी दुखणी लपवतं. म्हणून मी उतरलो की रामराम घालायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवायचो. गार लागलं तर माणूस खरा. कोमट लागलं तर चहा प्यायचा, गप्पा मारायच्या आणि परत यायचं.

बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं गॅरेज होतं. दुरुस्ती हा धंदा, पण नाव झालं ते जुना माल पारखण्यात. पंचक्रोशीत कुणाला वापरलेला ट्रॅक्टर घ्यायचा असला की मला गाडीत घालून न्यायचे. त्यात फार मोठी विद्या नाही. गार इंजिन सुरू करायचं आणि धुराकडे बघायचं. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, त्याला इलाज आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, तिथं खिसा सांभाळायचा. ऑइलची पट्टी काढून थेंब बोटांवर चोळायचा, कचकच लागली तर आत लोखंड झिजतंय. बाकी सगळं माणसाकडे बघून कळतं. इंदापूरकडचे एक गिऱ्हाईक तर आईला घेऊन यायचे. म्हातारी सीटवर बसायची, डोळे मिटायची आणि "ह्यो नगं" म्हणायची. तिनं नाकारलेल्या दोन ट्रॅक्टरांचा गिअरबॉक्स पुढं खरोखर फुटका निघाला. तिसऱ्याबद्दल मी बोलत नाही, तो मी पसंत केलेला होता.

पण आयुष्यात सगळ्यात जास्त धडधड मला ज्या खरेदीत झाली तो ट्रॅक्टर नांगरायचा नव्हता. गवत कापायचा होता.

नव्वदनंतरची ती वर्षं. गावातल्या एका कॉलेजात गायकवाड मॅडम मुलींना खेळ शिकवायच्या. त्यांनी मुलींचा हॉकीचा संघ उभा केला होता. संघ म्हणजे कऱ्हाटी, लोणी भापकर, माळेगाव अशा गावांमधून एसटीनं येणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुली. खेळायच्या वाघिणीसारख्या, पण कॉलेजच्या आवारात. सामने असायचे पुण्यात, तिथं मुक्काम करावा लागायचा, आणि मुक्काम म्हटलं की एकजात सगळे बाप नाही म्हणायचे. दोन वर्षं संघाचं नाव पाठवलं आणि दोन्ही वर्षं मागं घ्यावं लागलं. तिसऱ्या वर्षी मॅडमनी डोकं चालवलं. मुली सामन्याला जात नाहीत तर सामने इथं आणायचे. विभागीय सामने बारामतीत भरवा, म्हणून त्यांनी सामने भरवणाऱ्या समितीला गळ घातली. समितीनं एकच अट घातली. मैदान हॉकीसारखं पाहिजे, आम्ही येऊन बघणार.

मैदान होतं ऐसपैस, पण पावसाळ्यानंतर त्यावर गुडघाभर हरळी माजायची. बायका लावून विळ्यानं कापायची तर एक टोक होईपर्यंत दुसरं टोक परत वाढायचं. मॅडम माझ्या गॅरेजवर आल्या त्या कुठल्याशा क्रीडासंकुलात बघितलेल्या यंत्राचं वर्णन करत. छोटा ट्रॅक्टर, पोटाखाली पाती, चालत गेला की मागं गालिचा. नवं घ्यायला कॉलेजची ऐपत नाही, जुनं कुठं मिळेल?

त्यांचं बोलणं संपायच्या आत मी उठून उभा राहिलो होतो. कारण तसलं एक यंत्र कुठं आहे ते मला ठाऊक होतं. पळसदेवचे एक निवृत्त सुभेदार मागं एकदा माझ्याकडं रबरी पट्टा मागायला आले होते. लष्कराच्या लिलावात त्यांनी एक परदेशी बनावटीचा, दोन सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर घेतला होता. तो मोठ्या साहेबांच्या मैदानावर गवत कापायचा. सुभेदार त्यानं उजनीच्या काठचं गवत म्हशींना कापायचे. आता गुडघे गेले, मुलं पुण्यात नोकरीला, म्हणून विकायचा होता. पण येईल त्या गिऱ्हाइकाला ते हाकलून लावत होते. एकाला त्यातलं इंजिन काढून विहिरीवर बसवायचं होतं, दुसऱ्याला रसवंतीला जोडायचं होतं. सुभेदारांनी दोघांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या जीपमधून आम्ही निघालो. मी, मॅडम आणि जीप चालवायला पोपटराव. पोपटराव कऱ्हाटीचे. कॉलेजच्या शेतावर ट्रॅक्टर चालवायचे आणि संघाची कप्तान मनीषा ही त्यांचीच मुलगी. पोरीला पुण्याला पाठवायला सगळ्यात आधी नकार दिला होता तो त्यांनीच. वाटेत भिगवणच्या पुढं मॅडम त्यांना म्हणाल्या, हे यंत्र मिळालं तर तुमची मुलगी रात्री आपल्याच घरी झोपेल आणि सामनाही खेळेल. जीपचा वेग वाढला.

धरण काठोकाठ भरलं होतं, जुन्या देवळाचं शिखर तेवढं पाण्यावर दिसत होतं. सुभेदारांचं घर काठाला. दारात ताडपत्रीखाली ट्रॅक्टर उभा. ताडपत्री ओढली आणि मी खुळ्यासारखा हसायला लागलो. आमच्या ट्रॅक्टरशेजारी उभा केला तर त्याच्या चाकाएवढा भरला असता. लालभडक, अंगावर कुठं ओरखडासुद्धा नाही. पोटाखाली उपडी घातलेल्या परातीसारखं लोखंडी झाकण, आणि त्याच्या आत पाती. मी सवयीनं बॉनेटवर हात ठेवला.

"मिस्त्री, ताप बघताय व्हय?" सुभेदार दारातून म्हणाले. "गार हाय. आमच्याकडं तसली बदमाशी चालत न्हाय."

त्यांनी किल्ली फिरवली. अर्ध्या गिरकीत इंजिन लागलं. गार इंजिनाचा असतो तसा पांढऱ्या धुराचा एक भपका आला आणि मग धूरच नाही, नुसती पलीकडची झाडं हलताना दिसावीत तशी हवा. आवाज एकसारखा, कुठं ठोका नाही. माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, आमच्या धंद्यात असा माल दहा वर्षांत एकदा हाताला लागतो. मागच्या टायरला चिरा होत्या, स्टिअरिंग थोडं ढिलं होतं आणि पात्यांची उंची बदलायचा दांडा जाम झाला होता. पण ही सगळी दुखणी वरवरची. मी तोंड शक्य तितकं आंबट केलं, कारण पारखणाऱ्यानं खूष दिसायचं नसतं. पोपटरावांना ते जमलं नाही. ते ट्रॅक्टरभोवती फेऱ्या मारत होते आणि दर फेरीला टायरवर थाप टाकत होते.

सुभेदारांनी मॅडमना एकच विचारलं, हे नेऊन काय करणार. मॅडमनी मुलींचं सगळं सांगितलं. सुभेदार ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, मी पलटणीत हॉकी खेळलोय, उजव्या कडेला, राइट आउट. तिथंच मला वाटलं काम झालं. पण भाव बाकी होता.

तोवर अर्धं गाव गोळा झालं होतं. जुन्या मालाच्या सौद्यात बघ्यांइतका वाईट माणूस नाही. आकडा कानावर पडला की एकजण म्हणतो महाग, दुसरा म्हणतो फुकट, आणि सौदा मोडतो. त्यामुळं मी माझ्या वडिलांची पद्धत उचलली होती. आमचं घराणं लोणी भापकरचं, मेंढरांचं. बाजारात आबा मेंढरांचा सौदा तोंडानं कधीच करत नसत. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. मध्ये दलाल बसतो. तो विकणाऱ्याचा हात धरतो, मग घेणाऱ्याचा, आणि दोघांना जवळ आणतो. मीही ट्रॅक्टरचे सौदे असेच करायचो.

सुभेदारांचा हात धरला, त्यांनी आकडा सांगितला. आता घेणाऱ्याचा हात धरायचा आणि घेणारी बाई. मी रुमाल घेऊन तसाच उभा राहिलो. चारचौघांत कॉलेजच्या मॅडमचा हात कसा धरायचा? मी पोपटरावांना खूण केली, त्यांनी घाईघाईनं हात पुसून पुढं केला.

मॅडम म्हणाल्या, "मंजुरी माझ्याकडे आहे, कॉलेजला उत्तर मला द्यायचंय. मग बोटं पोपटरावांची कशाला?"

आणि त्यांनी हात पुढं केला. मी रुमाल टाकला आणि हळू आवाजात बोटांचा हिशेब सांगितला. एकदा सांगितला तेवढा त्यांना पुरला. मी सुभेदारांचा आकडा दिला, त्यांनी आपला दिला. मी पलीकडं गेलो, सुभेदार भावात खाली उतरले. मी अलीकडं आलो, मॅडमनी पुन्हा तीच बोटं धरली. परत गेलो, परत आलो, पुन्हा तीच बोटं. माझ्या उभ्या धंद्यात असलं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. माणूस दुसऱ्या फेरीला थोडं तरी वर चढतो, चढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. शेवटी सुभेदारांनी माझा हात सोडला आणि मोठ्यानं हसले.

"बाईंची पकड हॉकीची हाय," ते म्हणाले. "घेऊन जावा."

आकडा काय होता ते मी आजही सांगणार नाही. रुमालाखालचं बाहेर काढायचं नसतं.

निघताना सुभेदारांनी जाम झालेला दांडा ठोकून मोकळा केला आणि पोपटरावांना पात्यांच्या उंचीच्या खाचा दाखवल्या. वरची खाच पहिल्या कापणीला, मग एकेक खाली, हॉकीला मधली. पोपटराव व्हय व्हय म्हणत होते, पण त्यांचं सगळं लक्ष स्टिअरिंगवर होतं. गावातला एक टेम्पो भाड्यानं ठरवला, तो रस्त्याकडेच्या बांधाला मागं लावून आम्ही ट्रॅक्टर वर चढवला. भिगवणला चहाला थांबलो तर टेम्पोभोवती जत्रा. मोठा झाल्यावर नांगर ओढंल का, असं एका म्हाताऱ्यानं गंभीरपणे विचारलं. त्या दिवसापासून त्याचं नाव पिल्लू पडलं. बारामतीत शिरताना मॅडम जीपमध्ये उलट्या वळून टेम्पोकडंच बघत होत्या. मलाही मागं बघण्यावाचून राहवत नव्हतं.

दोन दिवसांनी मॅडम समितीला तारीख मागायला पुण्याला गेल्या, आणि इकडं पोपटरावांनी पिल्लू मैदानात घातलं.

आता पोपटराव कोण, ते समजून घ्या. आमच्या भागात ट्रॅक्टरवाल्याची इज्जत फाळ किती खोल जातो यावर ठरते. नांगरट झाली की शेतकरी काडी घेऊन नांगराच्या तासात घालून बघतो. पोपटरावांची नांगरट कऱ्हाटीपासून मोरगावपर्यंत नावाजलेली, कारण हा माणूस कधी वरवर काम करत नसे. एवढं झकास यंत्र, पोरीचा सामना, आणि मधल्या खाचेत ठेवून वरवर हात फिरवायचा? त्यांच्या मनाला ते पटेना. त्यांनी दांडा ओढून शेवटच्या खाचेत टाकला. दिवसभर खपून एवढं मैदान असं तासडलं की खाली माती लागली. संध्याकाळी बघायला आलेले सगळे वाहवा करत होते. प्राचार्यसुद्धा म्हणाले, किती स्वच्छ दिसतंय. सगळी शेतकऱ्यांचीच पोरं, साफ रान बघून कुणाला आनंद होणार नाही?

मॅडम परत आल्या त्या तारीख ठरवून. पंधरवड्यानं समिती येणार होती. त्या फाटकातून आत आल्या आणि जागीच थांबल्या. हिरवं काही शिल्लक नव्हतं. कुठं पिवळे बुडखे, कुठं उघडी जमीन, आणि पात्यांनी उंचवट्यावर काढलेले चट्टे.

मला निरोप आला तसा मी धावलो. पोपटराव लिंबाखाली तोंडावर टॉवेल टाकून बसले होते. चूक त्यांना कुणी सांगावी लागली नव्हती. सरावाला आलेल्या मुलींनी चेंडू टाकला, तो टणाटणा उडायला लागला, आणि मनीषा स्टिक तिथंच टाकून घरी निघून गेली. बापाशी ती एक शब्द बोलली नव्हती.

"मी मुलींना कबूल केलं होतं," मॅडम मला म्हणाल्या. "या वर्षी बारावीच्या सहाजणी आहेत. पुढच्या वर्षी त्यांची लग्नं असतील."

यंत्र बिघडलं असतं तर मी रात्रंदिवस बसून केलं असतं. पण गवत मला उगवता येत नाही. माझ्या ओळखीत गवतातलं कळणारा माणूस एकच होता. मी मोटारसायकल काढली आणि लोणी भापकरला जाऊन आबांना मागं बसवून आणलं.

आबा मैदानात मध्यभागी जाऊन उकिडवे बसले. बोटानं माती उकरली, खालून पांढरी, गाठीगाठीची मुळी ओढून काढली आणि हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांतनं पाणी आलं.

"आरं, ही हरळी हाय," ते म्हणाले. "माझ्या बापानं खणली, मी खणली, मेंढरं बसवली, उन्हात वाळवली. मेली न्हाय ती न्हाय. आन् तुमी एका दिसात मारली म्हणून रडताय?"

वाचकांमध्ये शेतकरी असतील त्यांना सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या काळ्या रानात हरळी शिरली की माणसाची कंबर जाते, पण ती जात नाही. वरून कापा, खालून फुटते. तुकडा राहिला तरी पुरतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिचं कौतुक वाटलं. आबांनी फक्त दोनच गोष्टी करायला सांगितल्या, चाळलेलं लेंडीखत आणि पाणी. लेंडीखत त्यांनी स्वतः गावाहून पाठवलं. पाण्याला पोपटराव उभे राहिले. दिवस-दिवस पाइप धरून त्या माणसानं हरळीला पाणी पाजलं. कऱ्हाटीची माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायची आणि चिडवायची. पोपटराव, आमच्या रानातली पण घेऊन जा, पाहिजे तेवढी देतो. पोपटराव मान वर करत नसत.

चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब दिसले. आठवड्यात हिरवी झाक आली, आणि त्याच्या पुढं तर दर सकाळी मैदान वेगळं दिसायचं. मी गॅरेज उघडायच्या आधी रोज तिकडं चक्कर मारायला लागलो. सगळी तासडणी एकसारखी झाली होती, त्यामुळं फुटवाही एकसारखा आला. समिती यायच्या आदल्या दिवशी पोपटरावांनी पिल्लू परत बाहेर काढलं. दांडा मधल्या खाचेत टाकला, मला दाखवला, मॅडमना दाखवला, आणि मग सीटवर बसले. इंजिनच्या त्या एकसारख्या आवाजात गवताचा ओला वास सुटला आणि ट्रॅक्टरच्या मागं पट्टा पडत गेला. मला तर नाचावंसं वाटत होतं. मनीषा कडेला उभी होती. शेवटचा पट्टा झाल्यावर ती बापाला पाण्याचा तांब्या घेऊन गेली.

समितीचे साहेब आले, त्यांनी बूट टेकवत मैदान पालथं घातलं, एक चेंडू मागवला आणि लोळवला. चेंडू सुतासारखा सरळ गेला.

सामने झाले. बारामतीकरांनी हॉकी पहिल्यांदाच पाहिली असेल, पण गर्दी अशी की झाडांवर माणसं. संघातल्या मुलींचे बाप, चुलते, भाऊ सगळे हजर. पळसदेवहून सुभेदार आले. त्यांनी आधी पिल्लूचा रबरी पट्टा ताणून बघितला आणि मग खुर्चीत बसले. आमच्या मुली पहिला सामना जिंकल्या, दुसरा जिंकल्या, आणि शेवटच्या सामन्यात मनीषानं मधल्या रेषेपासून चेंडू नेला तो कुणाला सापडलाच नाही. गोल झाला तेव्हा मी सुभेदारांना मिठी मारली. त्यांचे दुखरे गुडघे मला नंतर आठवले.

ते पिल्लू पुढं बरीच वर्षं चाललं. नंतर कुणीतरी त्याचं इंजिन उपसून पंपाला जोडलं, त्याची हळहळ मला अजून वाटते. पण त्या संध्याकाळची गोष्ट अजून राहिली आहे.

ढोल चालले होते, गुलाल उडत होता, आणि मॅडम मात्र एका बाजूला उभ्या होत्या. काय झालं म्हणून विचारलं तेव्हा कळलं. विभागात जिंकलेला संघ राज्याच्या सामन्यांना जातो. ते पुण्यात. चार मुक्काम. सामने इथं आणायच्या नादात त्यापुढचा विचार कुणीच केला नव्हता, मी तर नाहीच. त्या पोपटरावांकडं गेल्या. मीही मागं गेलो. पोपटरावांच्या मागं बाकीचे बाप उभे होते, आणि काय विचारलं जाणार हे त्यांच्या कानावर आलं असावं, कारण ते जवळ सरकले.

मॅडमनी सगळं सरळ सांगितलं. पुणे, चार मुक्काम, मी स्वतः बरोबर आहे.

पोपटरावांनी मैदानाकडं पाहिलं. मुली मनीषाला खांद्यावर घेऊन फिरत होत्या.

"तिथलं गवत कोण कापतं?" त्यांनी विचारलं.

"असेल तिथला माणूस," मॅडम म्हणाल्या.

"त्याचा भरवसा धरू नका. पोरीला म्हणावं, पोचल्या पोचल्या आधी चेंडू लोळवून बघ. सामन्याच्या दिवशी बघून उपेग न्हाय."

"सांगते," मॅडम म्हणाल्या. मागच्या बापांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि त्यांच्यातला एकजण पुढं येऊन म्हणाला, "मॅडम, गाडी किती वाजता निघणार हाय?"